टेलिफोनबाईंची कवळी

बाजारात दातकाकांना तोंडावर सगळे दातकाका म्हणायचे आणि पाठ वळली की परवाकाका. हे दुसरं नाव त्यांच्या कानावर आलं नव्हतं असं नाही. कवळी कधी मिळेल, असं कुणीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "परवा या." हे ते इतक्या मायेनं म्हणायचे की गिऱ्हाईक समाधानानं जिना उतरायचं. खालच्या पायरीवर पोचल्यावर मात्र त्याच्या लक्षात यायचं की गेल्या खेपेलाही आपण हेच ऐकून परतलो होतो.

त्यांची खोली दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या बरोबर वर होती. खाली बाई दात काढायच्या, हिरड्यांचं माप घ्यायच्या, आणि त्या मापावरून वर काका कवळ्या बनवायचे. खोलीत उत्तरेकडे एक मोठी खिडकी, खिडकीशी लाकडी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि त्या दिव्यावर तापवून तापवून काळी पडलेली एक सुरी. कोपऱ्यात शेगडी आणि तिच्यावर कवळ्या शिजवायचं पातेलं. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर माणसांची तोंडं. म्हणजे तोंडांचे प्लास्टरचे साचे. वरची हिरडी, खालची हिरडी, मागे पेन्सिलीनं नाव आणि तारीख.

आळशी म्हणावं तर काका आळशी नव्हते. सकाळी साडेआठला खोली उघडायचे, जेवायला घरी जायचे आणि पुन्हा सहापर्यंत बसायचे. हात तर असा की एकदा बसवलेला दात खरा की खोटा हे डॉक्टरीणबाईंनाही दुरून ओळखता यायचं नाही. पण दिवसभर करायचे काय, तर दातांचे खण लावायचे. पिवळसर एका खणात, राखाडी झाक असलेले दुसऱ्यात, मग मधल्या छटांसाठी तिसरा खण. सुऱ्यांना धार लावायची. खालच्या शिंप्याचा पंखा बिघडला, बघून द्यायचा. चहा. पेपरातलं कोडं. आणि या सगळ्यातून वेळ उरला की कुणाच्या तरी मेणातल्या कवळीचा सुळा केसभर आत घ्यायचा, बघायचा, पुन्हा बाहेर घ्यायचा.

खरी गोम तिथेच होती. मेणात दात लावण्याचं काम त्यांना मनापासून आवडायचं, कारण मेणात सगळं बदलता येतं. पण एकदा ते मेण वितळवून त्याच्या जागी हिरडीसाठीचा गुलाबी मसाला दाबला, पितळी डब्यात घट्ट आवळून पातेल्यात शिजवला, की झालं ते झालं. मग तो सुळा हलत नाही. त्या शेवटच्या पायरीशी आले की काकांचा हात मागे यायचा. अजून एकदा बघू, उजेड नीट नाही, उद्या ताज्या डोळ्यांनी बघू. असं करत साचा फळीवर चढायचा, आणि फळीवर चढलेली गोष्ट डोळ्यांना सवयीची होते.

"तुम्हाला यमानं हाक मारली तरी परवा येतो म्हणाल," असं काकू म्हणायच्या. काकूंच्या स्वतःच्या उजवीकडच्या तीन दाढा नऊ वर्षांपूर्वी गेल्या होत्या. नऊ वर्षं त्या डाव्या बाजूनं चावत होत्या आणि नवऱ्याचा धंदा कवळ्यांचा होता. माहेरी कुणी विचारलं तर त्या हसून विषय बदलायच्या.

त्याच सुमाराला टेलिफोनबाईंचे दात काढावे लागले.

टेलिफोनबाईंना न ओळखणारं गावात कुणी नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यांना पाहिलेलं फार कमी जणांनी. त्या एकतीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत कॉल जोडून द्यायच्या. "थांबा, जोडून देते," एवढं त्या म्हणाल्या की माणसाला धीर यायचा. आवाज स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं, जणू पाण्यातून नाणं वर काढावं तसं. पुढे यंत्रं आली, कचेरी बंद पडली, बाई निवृत्त झाल्या, पण भाजीवाल्याकडे त्यांनी अर्धा किलो वांगी मागितली तरी शेजारचा म्हातारा वळून बघायचा. लग्न केलं नव्हतं. दिवंगत मधल्या बहिणीची मुलगी, म्हणजे भाची, त्यांच्याजवळ राहायची. धाकटी बहीण दूर परदेशात. तिचा फोन दर रविवारी सकाळी दहाला यायचा आणि दोघी तासभर बोलायच्या. वीस वर्षांत त्यांनी एकमेकींना दोनदाच पाहिलं होतं. बाकी सगळं नातं त्या तारेवर उभं होतं.

हिरड्यांचं दुखणं जुनं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळेच दात काढले. माप झालं, मेणातली कवळी झाली, आणि ती तोंडात बसवून बघायला काका स्वतः खाली गेले. बाईंनी आरशात पाहिलं. मग, आपण कुठे आहोत हे विसरून, जुन्या सवयीनं म्हणाल्या, "हॅलो? सहा, सात, सात, शून्य. थांबा, जोडून देते." एकही अक्षर निसटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. काकांच्या अंगावर शहारा आला, कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या वडिलांचा शेवट जवळ आला त्या दुपारी दूर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाला याच आवाजानं फोन जोडून दिला होता. लाइन तीनदा तुटली आणि तीनदा जोडली गेली. बाईंची कामाची पाळी तेव्हा केव्हाच संपली होती, हे काकांना नंतर कळलं. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. मनात होतं, पण राहिलं.

तेही त्या दिवशी बोलून टाकता आलं असतं. काका म्हणाले एवढंच, "फक्कड बसली. आता नुसती शिजवायची राहिली. परवा या."

ही गोष्ट वर्षाच्या सुरुवातीची. तीन महिने गेले.

या तीन महिन्यांत बाई दर दोन-तीन दिवसांनी जिना चढून यायच्या. तोंडावर रुमाल धरलेला. बोलायच्या नाहीत. एक छोटी वही आणायच्या आणि तिच्यात लिहून दाखवायच्या, "झाली?" काका म्हणायचे, परवा. बाई मान डोलवायच्या आणि जायच्या. न चिडता. काकांना वाटायचं, किती समजूतदार बाई आहेत. दात गेल्यापासून त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी नुसती वाफ निघायची, आणि ती कुणाच्या कानावर पडू द्यायची नाही असा त्यांचा हट्ट होता. धाकट्या बहिणीच्या तर मुळीच नाही. रविवारी दहाला फोन वाजला की भाची उचलायची आणि सांगायची, मावशी बाजारात गेली आहे, मावशी झोपली आहे. बाई समोरच बसलेल्या असायच्या. त्या खुणेनं सांगायच्या आणि भाची पुढे म्हणायची, "परवा बोलते म्हणाली आहे."

एका सोमवारी बाईंनी वहीत नेहमीपेक्षा जास्त लिहिलं होतं. रविवारी बहिणीचा वाढदिवस आहे. तेवढं बघा.

काकांनी वाचलं आणि मनोमन ठरवलं. खोटं नाही, खरंच ठरवलं. बाई गेल्या गेल्या त्यांनी साचा फळीवरून उतरवला, पितळी डबा पुसला, शेगडीवर पातेलं चढवलं. मग वाटलं, डावा सुळा जरा उंच आहे. मंगळवारी तो खाली घेतला. बुधवारी वाटलं, पहिल्यांदाच बरा होता. गुरुवारी शिंप्याचा पंखा पुन्हा बिघडला. शुक्रवारी मसाल्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी. रविवार कसा गेला ते काकांना आठवतही नाही.

पुढच्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. बाईंची नव्हती. भाची होती. केस विंचरलेले नव्हते आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"काका, मावशी गेली," ती म्हणाली. "सकाळी आठ वाजता. खुर्चीत बसल्या बसल्या."

काका उठून उभे राहिले.

"तिची कवळी द्या. तोंड पार आत गेलंय हो. तिच्यासारखी दिसत नाही ती. संध्याकाळी सगळे येतील, तिला असं बघायला नको." तिनं हात पुढे केला.

मुलीचा तो पुढे केलेला हात काकांना पुढे कित्येक महिने दिसत राहिला. सरळ पसरलेला, बोटं जरा वाकलेली. तीन महिन्यांनंतर कवळी तयारच असणार, याबद्दल त्या हाताला शंका नव्हती.

"चारला घेऊन येतो," काका म्हणाले. "मी स्वतः येतो."

भाचीनं फळीकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग काकांकडे. तिला समजलं. ती खाली उतरली.

काकांनी दाराला कडी लावली आणि कामाला लागले. मेणातली कवळी पितळी डब्यात प्लास्टर ओतून बसवली. प्लास्टर घट्ट होईपर्यंत एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. उकळतं पाणी ओतून मेण काढलं, मसाला कालवला, दाबला, डबा आवळला, पातेल्यात सोडला. पाणी गदगदायला लागलं तसं त्यांना वाटलं, पातेल्यातून कुणी बोलायचा प्रयत्न करतंय. शब्द नाहीत, नुसती वाफ आणि ओठांचा आवाज. त्यांनी झाकण घातलं. झाकण थडथडायला लागलं. ते काढून ठेवलं आणि समोर बसून राहिले. डबा गार झाल्यावर फोडला, कवळी सोडवली, घासली, चमकवली. डाव्या सुळ्याला आता कुणी हात लावू शकत नव्हतं, आणि तो अगदी जिथं असायला हवा तिथंच होता.

घड्याळात साडेतीन वाजले होते. साडेपाच तास. जे काम शंभर दिवस होत नव्हतं ते साडेपाच तासांचं होतं. काकांना ते माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं. ओली कवळी हातात धरून ते दोन मिनिटं तसेच उभे राहिले, मग स्वच्छ रुमालात ती गुंडाळून जवळजवळ पळतच निघाले.

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत चारपाच बायका, खाली बघत बसलेल्या. आतल्या खोलीत बाईंना पलंगावर ठेवलं होतं आणि उशाशी शेजारची नर्सबाई होती. तिनं हनुवटीखालून कापडाची पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली होती. पलंगाजवळच्या छोट्या स्टुलावर टेलिफोन, त्याच्या शेजारी ती वही.

काकांनी रुमाल उघडला. नर्सबाईनं कवळीकडे पाहिलं, मग हळूच पट्टी सोडली आणि दोन बोटांनी हनुवटी खाली दाबून पाहिली. पुन्हा पाहिली.

"नाही उघडणार आता," ती म्हणाली. "जबडा धरला. सकाळी आणली असती तर बसली असती."

तिच्या बोलण्यात रोष नव्हता. इतकी माणसं तिनं पाठवली होती की ती नुसतं जे आहे ते सांगत होती. काका म्हणाले, मी बघू का? तिनं जागा दिली. ज्या तोंडाचं माप त्यांना पाठ होतं, त्या तोंडाला त्यांनी हात लावला. ओठ गार होते. जबडा दगडासारखा. काकांनी जोर लावला नाही. ते हात काढून मागे सरकले आणि मग, खोलीत माणसं होती तरी, हलक्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही तीनदा लाइन जोडून दिलीत. सांगायचं राहिलं होतं."

नर्सबाईनं पट्टी पुन्हा बांधली. दारात भाची उभी होती. काकांनी रुमाल तिच्यापुढे केला तेव्हा तिनं मान हलवली.

"तुमच्याकडेच राहू द्या, काका. मी काय करू तिचं?"

काका कवळी खिशात घालून घरी परतले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ते रोज खोली उघडायचे, टेबलाशी बसायचे आणि समोर पाहायचे. समोर फळ्या. इतकी वर्षं ते साचे होते, आता ती तोंडं झाली. दात नसलेली, उघडी, काहीतरी सांगता सांगता थांबलेली. पाठ करून बसावं तर मान आखडायची, कारण मागे काहीतरी आहे हे मानेला कळायचं. दोनदा त्यांना स्पष्ट वाटलं की जिन्यावर पावलं वाजली आणि दाराशी थांबली. उठून पाहिलं, कुणी नव्हतं. पाणी उकळायला ठेवलं की ते खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, डोळे दुखतात. काकूंनी कवळी कोटाच्या खिशात पाहिली होती.

दुसऱ्या रविवारी दवाखाना बंद होता, पण काकांना घरात बसवेना म्हणून ते खोलीवर आले होते. बरोबर दहाला खाली दवाखान्याचा फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. किल्ली काकांकडे असायची. त्यांनी खाली जाऊन फोन उचलला आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो?"

तोच आवाज होता. अक्षर न् अक्षर सुटं.

"दातांचं काम करतात ते तिथेच बसतात ना?" आवाजानं विचारलं. मग सांगितलं की मी टेलिफोनवाल्या बाईंची धाकटी बहीण, परदेशातून बोलते. ताईचे दात काढले होते हे आत्ता कळलं, दवाखान्याचा नंबर भाचीकडून घेतला. भाची कसलंच नीट सांगत नाही, नुसती रडते. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.

"विचारा," काका म्हणाले.

"ताईची कवळी झाली होती का? तीन महिने दर रविवारी मला निरोप मिळायचा, परवा बोलते. माझ्या वाढदिवसालासुद्धा तोच. मला वाटलं, माझ्यावर रागावली. माझं काय चुकलं ते मी रोज आठवत बसते. कवळी झाली होती आणि तरी तिनं फोन केला नाही, असं तर नव्हतं ना? एवढंच सांगा."

काका पुष्कळ काही सांगू शकत होते. सामान मिळालं नाही, माप चुकलं, आजारी होतो. चाळीस वर्षांत अशी वाक्यं त्यांनी शेकड्यांनी वापरली होती आणि ती जिभेच्या टोकावर उभीच असायची. त्यांनी फोनची तार बोटाला गुंडाळली.

"त्या रागावलेल्या नव्हत्या," ते म्हणाले. "परवा हा शब्द माझा. त्या दर दोन दिवसांनी यायच्या आणि मी तेच सांगायचो. काम साडेपाच तासांचं होतं. मी केलं नाही. त्या गेल्या त्या दिवशी केलं."

काकांना वाटलं लाइन तुटली.

"बरं," आवाज म्हणाला. आणि फोन ठेवला गेला.

काका वर आले. फळ्यांसमोर खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढून वरच्या फळीपासून एकेक साचा खाली घ्यायला लागले. धूळ झटकून मागची तारीख वाचायची आणि टेबलावर मांडायचा. दुपार झाली तेव्हा टेबलावर आणि जमिनीवर मिळून चौदा माणसं बसली होती, ज्यांची कवळी अर्धवट राहिली होती. सर्वांत जुनी तारीख सहा वर्षांपूर्वीची. काका अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांचे वडील एकसष्टाव्या वर्षी गेले होते. हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता आणि त्या दिवशी तो आपोआप झाला. वडील गेले त्या आठवड्यातही नवा कोट शिवायला टाकून आले होते.

सोमवारपासून ते त्या नावांची चिठ्ठी घेऊन घरोघर गेले. पहिल्याच दारात एका बाईनं सांगितलं, "हे मागच्या वर्षीच गेले की," आणि वर म्हणाली, "शेवटपर्यंत म्हणत होते, त्या माणसाचा हात चांगला आहे, थोडा उशीर होतो." दुसऱ्या एका घराला कुलूप होतं आणि शेजारी म्हणाले, आजींना जाऊन चार महिने झाले. एकानं दुसरीकडून कवळी करून घेतली होती. ती बोलताना खाली पडायची, पण त्यानं काकांना चहाही विचारला नाही.

एक निवृत्त बस-ड्रायव्हर मात्र काकांना बघून हसले. दोन वर्षं ते सगळं कुस्करून खात होते. काकांनी घाईघाईनं त्यांची कवळी पुरी केली, आणली आणि तोंडात घातली. ती सैल झाली. जीभ लावली की हलायची. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि समजावून सांगितलं की दात गेले की हिरडी आतल्या आत झिजत जाते, दोन वर्षांपूर्वीचं माप आता या तोंडाचं राहिलेलंच नाही. काकांना हे शास्त्र माहीत होतं. पण जुना साचा आणि नवा साचा शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मधला फरक त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. फळीवर ते तोंड जसंच्या तसं बसून होतं, आणि खरं तोंड तिकडे गुपचूप विरत चाललं होतं.

ड्रायव्हरसाहेबांची नवी कवळी काकांनी चार दिवसांत दिली. त्यांनी ती घालून आधी शिटी वाजवून पाहिली.

त्यानंतर काका एकदम बदलले, असं कुणी सांगितलं तर खरं मानू नये. खणाकडे हात जायचाच. सुळा आत घ्यावा की बाहेर, हा किडा डोक्यात वळवळायचाच. फरक एवढाच पडला की तसं झालं की ते बाईंची कवळी खिशातून काढून टेबलावर समोर ठेवायचे. ती बंद असायची, वरचे दात खालच्यांवर. तिच्यासमोर खण लावत बसणं जमायचं नाही. मग ते उठून शेगडी पेटवायचे. शेवटच्या पायरीशी हात तसाच मागे यायचा आणि पातेल्यातलं पाणी तसंच बोलायचं, पण आता ते खोलीबाहेर जात नव्हते. बसून ऐकायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा म्हटलं, काका, तुमच्या मागे कुणीतरी लागल्यासारखं वाटतं हल्ली. काका म्हणाले, लागलंच आहे.

गिऱ्हाइकांना ते आता वार सांगायचे. परवा हा शब्द त्यांनी टाकला. काकूंनी घरात सहज म्हटला तरी त्यांचा चेहरा उतरायचा, म्हणून काकूही दोन दिवसांनी म्हणायला लागल्या. काकूंच्या तीन दाढा एका आठवड्यात झाल्या. त्या बसवताना काकूंनी नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं. नंतर उजव्या बाजूनं सावकाश पहिला घास चावता चावता म्हणाल्या, "नऊ वर्षांनी या बाजूची चव कळली. तुमच्यावर रागवावं की काय करावं कळत नाही." आणि त्या रागावल्याच. दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांना त्याचं बरं वाटलं.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी दुपारी, डॉक्टरीणबाईंनी खालून माप पाठवलं. नाव अनोळखी होतं. काकांनी प्लास्टर ओतलं, साचा सोडवला, उजेडात धरला आणि पुन्हा वळवून पाहिला. टाळूच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा होता. डावीकडची हिरडी जरा वर. असं तोंड त्यांनी एकदाच हाताळलं होतं.

ते जिना उतरले. खुर्चीत साठीच्या बाई बसल्या होत्या, ओठ आत गेलेले, हातात रुमाल. बहिणींना एकच दुखणं होतं.

"मीच," त्या म्हणाल्या. शब्द विरून गेले आणि वाफ राहिली, पण त्यांनी तोंडावर रुमाल धरला नाही. "तिकडेही करता आली असती. मुद्दाम इथे आले. दहा दिवस आहे."

"तिसऱ्या दिवशी देतो," काका म्हणाले. मग खिशातली कवळी काढून त्यांच्यासमोर धरली. "ही ताईंची."

धाकट्या बहिणीनं ती हातात घेतली, दातांवरून अंगठा फिरवला आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. काकांना एकाएकी खिसा हलका लागला आणि ते हलकेपण त्यांना सोसेना.

बुधवारी दात मेणात लागले आणि तोंडात बसवून पाहिले. गुरुवारी सकाळी काकांनी शेगडी पेटवली. दुपारी तीनला ते कवळी घेऊन खाली आले तेव्हा बाई येऊन बसलेल्या होत्या. काकांनी स्वतः ती बसवली, चावायला सांगितलं, दोन ठिकाणी घासून दिली आणि आरसा हातात दिला. बाई पुष्कळ वेळ आरशात बघत राहिल्या. स्वतःकडे बघत होत्या की आणखी कुणाकडे, कोण जाणे. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटच्या निमित्तानं बाजूला झाल्या.

मग बाई बोलल्या. आवाज स्वच्छ होता, प्रत्येक अक्षर सुटं.

"तिला असंच बोलता आलं असतं ना?"

"हो," काका म्हणाले.

बाईंनी मान डोलवली. आरसा परत दिला, पर्स खांद्याला लावली आणि त्या दाराबाहेर पडल्या. काका त्यांची पावलं रस्त्याच्या आवाजात मिसळेपर्यंत ऐकत उभे राहिले. मग वर गेले. एका शाळेच्या शिपायाची कवळी मेणातून मसाल्यात उतरवायची होती, शुक्रवार सांगितला होता. त्यांनी पातेल्यात पाणी भरलं.